बसला तो गेला

"बसला तो गेला, ताई," असं म्हणून तो मनगट माझ्यापुढे धरायचा. "पाहा बरं, चालू हाये का?"

मी तेव्हा रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स होते. तो आमचा शेजारी, भिंतीला भिंत. गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला. पहाटे धावून आला की घरात शिरायच्या आधी माझ्या दारात उभा. माझ्या हातात कधी कणीक, कधी केरसुणी; पण नाडी पाहिल्याशिवाय स्वारी हलायची नाही. मी म्हणायची, "अहो भाऊ, बंद असती तर इथवर आले असते का तुम्ही?" त्यावर तो अगदी गंभीर. "तसं नाही ताई. पाहून घेतलेलं बरं."

भित्रा म्हणा हवं तर. पण त्याची भीती उगाच नव्हती. त्याचा बाप लकडगंजात लाकडाच्या टालावर कामाला, अंगानं पहाडासारखा. दुपारची भाकर खाऊन जरा टेकला, तो तसाच गेला. मोठा भाऊ खाटेवर बसून चहा पीत होता. कप खाली पडला तेव्हा घरच्यांना कळलं. दोघंही चाळिशीच्या आतबाहेर. ह्यानं त्यावरून एकच धडा घेतला. माणूस बसला की मरण त्याला गाठतं. म्हणून हा बसायचाच नाही.

अशी एखादी वल्ली तुमच्याही शेजारी असेल, पण आमची जरा जास्तच होती. दुकानात बाकीचे गादीवर मांडी घालून कापडाचं थान उलगडायचे, हा उभा. मालक कावायचा, "अबे, गिऱ्हाइकाले वाटते तू घरी चालला!" सिनेमाला गेला तर तिकीट काढून मागच्या भिंतीला टेकून उभा. लग्नात पंगतीत बसायला नको म्हणून वाढायला घ्यायचा, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक लग्नाचं पहिलं आमंत्रण ह्याला. न्हाव्यापुढे मात्र नाइलाज. तिथेही चपला पायातच ठेवायचा, निघायची वेळ आली तर उशीर नको.

धावणंही त्यातलंच. आधी बर्डीच्या बाजारापर्यंत, मग अमरावती रोडनं पार वाडी गावाच्या पुढे. मॅरेथॉन नावाची लांबच लांब शर्यत असते हे कुठून तरी कळलं आणि वेडच लागलं. शनिवारी कुठे शर्यत असली की तिच्यात, रविवारी लांबची दौड. बायको बिचारी म्हणायची, "ताई वं, दुसरीच्या नवऱ्याची दारू सोडवा लागते, माह्या नवऱ्याचं पयणं!"

चाळिशी लागली त्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारच्या शर्यतीत त्याचा तिसरा नंबर आला. बक्षिसाचा स्टीलचा डबा काखेत मारून, हसत हसत त्यानं मनगट पुढे केलं. मी बोटं ठेवली. नाडी चालता चालता मधेच थांबत होती. पुन्हा सुरू, पुन्हा थांबली.

"काहून ताई? बंद हाये का?"

"भाऊ, आत्ताच्या आत्ता माझ्यासंग दवाखान्यात चला."

"सोमवारी येतो ना. उद्या लांब पयाचं हाये."

"उद्या धावायचं नाही. समजलं का?"

"मंग काय बसून राहू?"

हे विचारताना त्याचे ओठ कोरडे पडले होते. मी रागावले, त्याच्या बायकोला बोलावून तिच्यासमोर रागावले. शेवटी "बरं" म्हणाला. पण पलीकडे त्याच्या येरझाऱ्या चालूच होत्या, भिंतीतून ऐकू येत होत्या.

रविवारी उजाडायच्या आत बायकोनं दार ठोठावलं. "ताई, गेले ना वं ते! मले डोळा लागला अन् गेले!"

मी पदर खोचला, नवऱ्याची सायकल काढली आणि निघाले. बर्डी गेली, अमरावती रोड लागला. धुकं होतं. रस्त्याच्या कडेला काही पडलेलं दिसलं की मी सायकल थांबवायची. एकदा ते पोतं निघालं, एकदा झोपलेलं कुत्रं. देवा, पुढचंही पोतंच असू दे, असं म्हणत मी पायडल मारत होते.

वाडीच्या पुढे तो दिसला. धावत नव्हता. मैलाच्या दगडापाशी उभा होता, चेहरा राखेसारखा. मला पाहून त्यानं मनगट पुढे केलं. नाडी नुसती अडखळत होती.

"बसा, भाऊ."

"नाही, ताई."

"पडाल! बसा म्हणते ना."

"ताई, मले लय भेव लागून राहिलं."

इतक्या वर्षांत हे त्यानं असं सरळ कधी म्हटलं नव्हतं. मी आधी खाली बसले, धुळीतच. "हे पाहा, बसले मी. झालं का मले काही? या."

तो दगडाला धरून, थंड पाण्यात उतरावं तसा हळूहळू खाली आला. पाठ टेकली, पाय लांब केले.

"बरं वाटून राहिलं, ताई," तो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. "पायाले लय बरं वाटून राहिलं."

मनगट माझ्या हातात होतं. एक ठोका आला. आणखी एक आला. मग मी पुढच्याची वाट पाहत राहिले.

शिकवलं होतं तेवढं सगळं मी केलं. छाती दाबली, ओरडले, ट्रक थांबवून त्याला रामदासपेठेत नेलं. माझ्याकडून सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, बापाचं तेच, भावाचं तेच. हे घराण्यातच असणार. बसल्यानं काही होत नसतं." मला का ते कळत नाही? पुढची सगळी नोकरी मी पेशंटना हात धरून बसवण्यातच काढली.

आता सून म्हणते, "आई, बसून घ्या ना चहा. काहून उभ्या राहता रोज?"

"सवय हाये वं," मी म्हणते. ती वळली की कप ओट्यावर ठेवते आणि दोन बोटांनी स्वतःचं मनगट चाचपून पाहते.