मोटारीची आंघोळ

सत्तरीच्या दशकात उचगावजवळच्या एका फाउंड्रीत मी विजेच्या मोटारी सांभाळायला होतो. सांभाळायला म्हणजे, मालकांच्या मते, जळली की उचलून रिवाइंडिंगला, आत नवी तार भरायला न्यायला. मालक मोठे भाविक, आणि तितकेच ठोंबे. भट्टीला हवा देणारी मोटार तासभर बंद ठेवा, बेअरिंगला ग्रीस भरतो, आतली धूळ काढतो म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "चाललीया न्हवं? मग कशाला हात लावतोस?"

वर्षभर कुणी हात न लावलेल्या त्या मोटारीला खंडेनवमीला मात्र मालक स्वतः आंघोळ घालत. रबरी पाइपनं, साबण लावून. वर हळदकुंकू, आणि पंख्याच्या जाळीवर वारा शिरू नये इतका जाड झेंडूचा हार. एका वर्षी म्हटलं, पाणी आत जातंय. "देवाचं काम हाय, गप बस."

दसरा झाल्यावर बटण दाबलं, तशी मोटार धूर सोडून बसली.

ती नवी तार भरून आली तेव्हा मी ग्रीसचा डबा घेऊनच उभा होतो. मालक गंभीरपणे म्हणाले, "चूक घावली रं. पाणी नळाचं हुतं."

पुढच्या खंडेनवमीला मोटारीसाठी पंचगंगेची घागर आली.