तेविसावा सिपारा

कुराण उघडलं की मला झोप येते. हे लिहितानाही हात कचरतो, पण आहे ते आहे. पहाटेची फजरची नमाज व्हायची, लाकडी रेहालवर मी कुराण ठेवायचे, बिस्मिल्ला म्हणायचे, आणि दहाएक ओळींतच पापण्यांवर कोणी ओली माती थापल्यासारखं व्हायचं. मान पुढे जायची, मी दचकायची, ओळ शोधायची, पुन्हा मान पुढे. लहानपणी आम्हाला शिकवणारी आपा डुलकी लागलेल्या पोरीच्या कानाची पाळी दोन नखांत धरायची. म्हणायची, सैतान पापणीवर येऊन बसतो, त्याला उठवायचं तर आधी तुला उठवलं पाहिजे. तेव्हा आम्ही पोरी हसायचो. पंचेचाळिशी ओलांडल्यावर मात्र मला ते हसण्यासारखं राहिलं नाही.

मी टोकावड्याजवळच्या एका गावात राहते. ओट्यावर मशीन टाकून गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. अम्मीचं घर आटगावच्या बाजूला, तिथे माझा भाऊ आणि भाभी. अम्मी गेली तेव्हा माझी ही झोप वर्षभराची जुनी होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. माझी जीभ तिखट आहे. दुसऱ्याला बोलणारी बाई स्वतःचं उणं कशाला दाखवील?

अम्मीच्या चाळिसाव्याला घरात कुराणखानी झाली. आमच्याकडची रीत अशी की कुराणाचे तीस भाग, म्हणजे सिपारे, सुटे बांधलेले असतात. बायका पांढऱ्या चादरीवर गोल बसतात. मध्ये तिसांची चवड. जिच्या हाताला जो सिपारा येईल तो तिनं वाचायचा आणि वाचून झाला की पलीकडच्या चवडीत ठेवायचा. तीसच्या तीस तिकडे गेले की एक कुराण पुरं झालं. मग दुवा होते, त्या वाचनाचं पुण्य, म्हणजे सवाब, गेलेल्या माणसाच्या नावे जातो. एक जरी सिपारा राहिला तर दुवा थांबते. बाकीच्या बायका ओठ मिटून त्या एकीकडे बघत बसतात, आणि आतल्या पातेल्याचं झाकण काही उघडत नाही.

माझ्या हाताला तेविसावा आला. मला आनंद झाला, कारण तो यासीन या सुरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, मधूनच सुरू होतो आणि यासीन मला पाठ. गेलेल्या माणसासाठी वाचायची ती हीच सुरा, त्यामुळे अम्मीनंच मला हा दिला असं वाटून डोळे भरले. यासीन मी खणखणीत वाचलं. पान उलटलं. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

खांद्यावर हात पडला तेव्हा जाग आली. शेजारी बसलेली भाभी विचारत होती, "झालं का गो? तुझाच रायलाय."

ओढणीला लाळ लागलेली होती. समोर तेच पान उघडं. पलीकडच्या चवडीत एकोणतीस सिपारे, आणि चादरीभोवतीच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आईच्या चाळिसाव्याला लेकीचाच सिपारा राहिलेला! मी म्हटलं, "हो, झालं." आणि तेविसावा उचलून चवडीवर ठेवला. दुवेला सगळ्यांचे हात वर गेले, माझेही गेले. बायका आमीन म्हणत होत्या, त्यांच्याबरोबर मीही म्हणाले. अम्मीला मी फसवलं, तेही कुराणावर हात ठेवून.

घरी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्याकडचा तेविसावा काढला. म्हटलं, उशिरा का होईना, वाचून टाकू, चुकीची भरपाई होईल. यासीन झालं आणि पुढच्या पानावर झोप आली. तिसऱ्या दिवशी तसंच, चौथ्या दिवशी तसंच. मी डोळ्यांवर गार पाणी मारलं. कोरा चहा प्याले. जिभेखाली हिरवी मिरची धरून बसले. उभं राहून वाचलं, तर गुडघे वाकले आणि भिंतीनं सावरलं म्हणून पडले नाही. त्यात आणखी एक धास्ती होती. अरबीत एका अक्षरानं अर्थ फिरतो. झोपेत आपल्या तोंडून काय गेलं असेल, आपण दुवा मागत होतो की शाप, या विचारानं मी पुन्हा यासीनपर्यंत मागे यायची. त्या काही महिन्यांत यासीन किती वेळा झालं ते अल्लाला माहीत. पुढचं पान एकदाही झालं नाही.

मग ती झोप कुराणापुरतीही राहिली नाही. मशीनवर बसले असताना एकदा डोळा लागला आणि सुई बोटाच्या नखातून आरपार गेली. कपडा घ्यायला आलेली गावातली बाई समोरच होती. तिनं आधी चिंधी बांधली आणि मग म्हणाली, "ताई, झोपेत शिवू नको गो, माजा गळा पाठीला लावशील." दोघी हसलो. ती गेल्यावर मी ओट्यावरच रडले.

एकदा मुरबाडच्या बाजारातून एसटीनं परतत होते. जाग आली तेव्हा गाडी बऱ्यापैकी रिकामी, आणि खिडकीबाहेर डोंगर अगदी अंगावर आलेला. आपण कुठे आहोत, कुठून निघालो, काही क्षण काहीच कळेना. कंडक्टर म्हणाला, "मावशी, टोकावडं कवाच मागं गेलं. माळशेज बघायला चालल्या का?" मी उतरले. उलट्या दिशेच्या गाडीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी राहिले. बसायची हिंमत होईना. बसले तर इथेच झोपीन, आणि कोणी उठवायला नसेल.

पण खरी भीती काय ते एका दुपारी कळलं. दूध तापत ठेवून मी गॅसजवळ पाटावर बसले होते. दूध उतू गेलं, आच विझली, आणि मी भिंतीला डोकं टेकून झोपलेली. मुलगी कॉलेजातून आली. तिनं वासावरून ओळखलं, बटण बंद केलं, मागचा दरवाजा उघडला आणि मला गदागदा हलवलं. रडतच ओरडली, "अम्मी, अशी कशी झोपतेस? लाज नाय वाटत?"

हे शब्द माझे होते. मी माझ्या अम्मीला बोललेले.

अम्मीही शेवटच्या दोन-तीन वर्षांत अशीच झोपायची. भाजी निवडताना, बोलता बोलता, जेवणाचा घास हातात असताना. आणि कुराण वाचताना हमखास. एकदा, माझी झोप सुरू व्हायच्या आधी, मी माहेरी गेले होते. अम्मी अंगणातल्या उन्हात कुराण घेऊन बसलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, मान छातीवर, आणि बारीक घोरणं चाललेलं. शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या. मी त्यांच्यादेखत म्हटलं, "अम्मी, कुराणासमोर घोरतेस? लाज नाय वाटत? टीव्हीसमोर बरी टक्क जागी असतेस!" बायका खो खो हसल्या. अम्मी दचकून उठली, चष्मा सारखा केला, कुराण कापडात गुंडाळलं आणि आत निघून गेली. मला वाटलं, काय झकास बोललो आपण.

आता मला वाटू लागलं की ही तिच्या त्या अपमानाची शिक्षा आहे. शेजारची एक बाई बोलता बोलता म्हणालीच होती की ज्याला अल्लाचं कलाम, म्हणजे कुराण, वाचताना झोप येते त्याच्या दिलावर मोहर लागलेली असते, अल्लानंच ते बंद केलेलं असतं. ती माझ्याबद्दल बोलत नव्हती, तिला काही माहीत नव्हतं. पण ते वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं. मोहर लागलेलं दिल घेऊन मेले तर? अम्मी वर भेटली आणि म्हणाली, माझे तीस कुठे आहेत, तर?

गॅसच्या प्रकारानंतर नवऱ्यानं माझं ऐकलं नाही, मुरबाडला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, त्यात काही फारसं निघालं नाही. डॉक्टरनं नवऱ्याला विचारलं, "रात्री कशी झोपतात या?" तो आधी संकोचला. मग म्हणाला, "घोरते जोरात. मग मधेच एकदम गप होते. बऱ्याच वेळानं गचकन दम घेते आणि परत चालू. गप झाली की मला बरं वाटतं, म्हटलं आता शांत झोपली."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. त्यानं आम्हाला कल्याणला पाठवलं. तिथे अंगाला तारा लावून मला एक रात्र झोपवलं आणि सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मी गप्प होते तेव्हा शांत झोपलेली नसते, तेव्हा माझा श्वास थांबलेला असतो. रात्रभर श्वास अडकतो, रात्रभर शरीर गुदमरून जागं होतं, मला कळत नाही इतकंच. म्हणून दिवसा बसल्या जागी झोप. "यात तुमचा आळस नाही की काही नाही," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होतं?"

मला अम्मी आठवली. अम्मीजवळ मी पुष्कळ झोपले होते. तिचं घोरणं, मग ते एकाएकी थांबणं. मीही नवऱ्यासारखंच म्हणायची, चला, लागली बाई झोप एकदाची. आणि कूस बदलायची. अम्मी झोपेतच गेली. तिला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, देणाऱ्या बायका म्हणाल्या, काय मौत मिळाली, ना दुखणं ना खुपणं, अल्लानं झोपेतच उचलली. मीही हे लोकांना अभिमानानं सांगत आले होते.

मी डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचं मी सांगू शकत नाही." त्यांनी खोटा धीर दिला नाही, आणि खरी भीतीही घातली नाही. ती मीच माझी घेऊन घरी आले.

आता मी रात्री तोंडावर मास्क लावून, त्यांनी दिलेल्या श्वासाच्या मशीनची हवा घेत झोपते. पहिले काही दिवस मास्क हातात घेऊन नुसती बसून राहायची. डोळे मिटले की श्वास थांबेल, या भीतीनं झोपच येईना. इतके दिवस झोपेशी झगडले आणि आता तिला घाबरत होते. हळूहळू अंग हलकं झालं. दुपारी डोळे उघडे राहू लागले. पण तेविसावा मी काढला नाही. अम्मीच्या घरी जाऊन आधी कबूल करायचं होतं.

सरळगावहून किन्हवलीच्या गाडीनं शहापूरला गेले आणि तिथून आटगावला. सगळा रस्ता जागी होते. भाभी ओसरीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी समोर बसले, दोन मूठ वाल सोलले आणि म्हटलं, "भाभी, अम्मीच्या चाळिसाव्याला तेविसावा मी वाचला नव्हता. मी झोपले होते."

तिनं मान वर केली नाही. "म्हाईत आहे. तुझं पान उलटत नव्हतं. तू हो बोललीस, मग बायकांसमोर मी काय बोलणार? सगळ्या जेवायला बसल्या तवा आत जाऊन मी वाचून टाकला. नंतर दुवा पण केली."

मी पदरात तोंड घालून रडले. छातीवरचा धोंडा उतरला. मग तिला सगळं सांगितलं, कल्याणच्या डॉक्टरीणबाई, अडकणारा श्वास, अम्मीचंही तेच असावं हा संशय. भाभीचे हात थांबले.

मग म्हणाली, "एक गोष्ट सांगू का? तू त्या दिवशी बोललीस ना अम्मीला, त्यानंतर तिनं कुराण नाय काढलं. रमजानात पण नाय. मी बोलले, अम्मी, अल्लाला काय सांगशील? तर बोलली, अल्लाला म्हाईत आहे, ही झोप माझ्या हातात नाय. माझ्या पोरीला नाय म्हाईत. ती कवा पन येईल नि बायकांसमोर बोलंल."

भाभी हे रागानं बोलली नाही. तिला ते इतके दिवस एकटीनं ठेवणं जड झालं होतं, एवढंच.

मी उठले, हातपाय-तोंड धुऊन वुजू केला, आतून तेविसावा आणला आणि अंगणात अम्मी बसायची तिथेच बसले. यासीन संपलं. पुढचं पान आलं, त्याच्या पुढचं आलं. दुपार कलल्यावरची असरची अजान व्हायच्या आत सिपारा पुरा झाला. पापणी एकदाही जड झाली नाही. त्या दिवशी तरी अम्मीसारखी तिथेच झोप यावी आणि बायकांसमोर मला कोणी बोलावं, असं मला फार वाटत होतं.