भाऊंच्या हस्ते

हर्षाबाईचा राग मूर्तिजापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. ती भाजीबाजारात शिरताना दिसली की ओट्यावरच्या बायका काटा सरळ करतात, ऑटोवाले सुट्टे पैसे आधीच काढून ठेवतात, आणि ज्या ज्युनिअर कॉलेजात ती तासिका तत्त्वावर गणित शिकवते तिथले प्राचार्य तिचा अर्ज टेबलावर पडू देत नाहीत, उभ्या-उभ्या सही करून मोकळे होतात. 'बाई मनाची वाईट नाई, पन तोंड लय तिखट,' असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! ते तोंड तिखट कशानं झालं, हे विचारायला कुणी जात नाही.

ते झालं एका परीक्षेपायी, आणि तीही न दिलेल्या. तिचे वडील भगवंतराव नदीकाठच्या मळ्यात भाजी काढत. पोरगी बारावीला तालुक्यात वरच्या नंबरात आली. पेढे वाटले, शाळेत हार घातला, गल्लीतल्या बायकांनी ओवाळलं. मग इंजिनिअरिंगला जायचं म्हणून बापलेक अमरावतीला चौकशीला गेले, तर खिडकीतल्या माणसानं विचारलं, प्रवेश परीक्षेला किती मार्क आहेत? अशी काही परीक्षा असते हे तिला त्या खिडकीपाशी उभं असताना कळलं, आणि परीक्षा केव्हाच होऊन गेली होती. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते आपापल्या पोरांपुरतं ठेवलं. ज्यांनी हार घातले त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पुढे ती एम.एस्सी. झाली, किशोरशी लग्न झालं, संसार लागला, पण ती खिडकी तिच्या डोक्यातून गेली नाही. जायचं कारणही नव्हतं. असे राग विझवून माणूस शहाणा होतो म्हणतात, मला ते पटत नाही. विझवलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत, त्यांच्याकडून कुणाचं काही भलं झालेलं पाहिलं नाही.

तिच्या समाजाची माणसं भाजी, फळं, फुलं पिकवणारी आणि विकणारी. सगळ्यांच्या वर्गणीतून बांधलेलं एक समाजभवन आहे. पुढं लग्नाचा हॉल आणि मागं एक खोली, जिच्यात पंगतीची भांडी ठेवायची. ती खोली हर्षाबाईनं पोरांच्या अभ्यासासाठी मागितली. समाजाचे अध्यक्ष चंद्रभानजी, भाजीचे मोठे अडते. ते म्हणाले, "पोट्ट्यांले शिकवाले खोली कायले पायजे? घरी बसता येत नाई का त्याईले?" हर्षाबाईनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भवनाच्या पायऱ्यांवरच फळा लावून वर्ग सुरू केला. ऐन लग्नसराईत. वऱ्हाडी मंडळी पोरांच्या वह्या ओलांडून आत जायला लागली, नवरदेवाचा पाय कंपासपेटीवर पडला, तेव्हा कुठं खोलीची किल्ली मिळाली.

त्या खोलीत मोठमोठ्या गंजांच्या आणि कढयांच्या मधे बसून पोरं सीईटीची गणितं सोडवायला लागली. पण नुसती गणितं शिकवून काम भागत नाही, हे हर्षाबाईला स्वतःवरून ठाऊक होतं. दिवाळीच्या सुमाराला ती सगळ्यांना रेल्वेनं बडनेऱ्याला आणि तिथून अमरावतीला न्यायची. कॉलेजं दाखवायची. गेटपाशी स्वतः मागं उभी राहायची आणि एकेका पोराला पुढं ढकलायची, "जा. चौकीदाराले विचार, लायब्ररी कुठी हाय." आपल्या पोरांना गणिताची भीती नसते हो, गेटची असते.

आचल नावाची पोरगी त्या गेटपाशी रडली होती. देवमनची मोठी मुलगी, जमिनीकडे बघून बोलणारी. हर्षाबाईनं तिला तीन वेळा परत पाठवलं. चौथ्यांदा ती विचारून आली आणि मग दिवसभर कुणी न सांगताच दिसेल त्याला रस्ता विचारत सुटली. या वर्षी त्याच आचलला अमरावतीच्या सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगची जागा मिळाली. भवनाच्या खोलीतून सरकारी कॉलेजात गेलेली पहिली पोर. मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर व्हायचं आणि प्रवेश पक्का करायचा, एवढंच उरलं होतं. एक दाखला यायला उशीर झाला म्हणून ते शेवटच्या दिवसावर गेलं. संध्याकाळी पाचच्या आत पोचली नाही, तर जागा दुसऱ्याची.

आणि नेमका त्याच दिवशी समाजानं गुणवंतांचा सत्कार ठेवला.

आपल्याकडे सत्काराची हौस अशी की पोरगं पास व्हायच्या आधी शाल विकत आणून ठेवतील. हर्षाबाई चंद्रभानजींना सांगायला गेली, तारीख बदला. ते म्हणाले, भाऊंनी दिलेली तारीख आहे, बदलत नाही. भाऊ म्हणजे पुढारी. कोणते ते सांगत बसत नाही, प्रत्येक तालुक्यात एक असतोच. "दहाले चालू, अकराले खतम. पोट्टी बाराच्या आत मोकळी," असं चंद्रभानजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं. भवनावर बॅनर लागलं. त्याच्यावर भाऊ मोठे, चंद्रभानजी त्याच्याहून जरासे लहान, आणि खालच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी आचल. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

सत्काराच्या सकाळी आचल नवा ड्रेस घालून, पाठीला बॅग लावून आली. हर्षाबाईनं पहिला प्रश्न विचारला, "फाईल?"

"बाबानं काल चंद्रभानकाकाले देली."

"कायले?"

"भाऊच्या हातानं मले देनार हायत. स्टेजवर. काका म्हनत होते, मूळ कागदपत्रं भाऊच्या हस्ते देल्ले तर पेपरात फोटो चांगला येते."

हर्षाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हार, शाल, नारळ, ट्रॉफी, इतकं सगळं कमी पडलं म्हणून पोरीचीच कागदपत्रं पोरीला द्यायची, आणि तीही पाहुण्यानं! ज्याला त्या कागदांवर काय लिहिलंय हेही ठाऊक नाही त्यानं! नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि नाक असणाऱ्यांना त्याचा अभिमान होता. फाईल भवनाच्या लोखंडी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली चंद्रभानजींच्या खिशात. चंद्रभानजी हार घेऊन हायवेच्या फाट्यावर भाऊंच्या स्वागताला उभे.

ती देवमनकडे वळली. देवमन इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. साधा माणूस. आपल्याकडे साधेपणाचं फार कौतुक आहे, पण साधा माणूस म्हणजे पुष्कळदा ज्याला कुणीही काहीही मागावं आणि त्यानं ते देऊन टाकावं, असा. "मानाची गोष्ट होती ताई," तो म्हणाला, "नाई कसं म्हनाव?"

अकरा वाजले. बारा वाजले. माइकवर कुणीतरी 'थोड्याच वेळात भाऊंचं आगमन होत आहे' असं सांगत राहिलं. हर्षाबाईनं चंद्रभानजींना फोन लावला. ते म्हणाले, "निंगाले दर्यापुरातून. आलोच." अर्ध्या तासानं पुन्हा लावला, तेव्हाही 'आलोच'. मग त्यांनी फोन उचलणं सोडून दिलं. मागं स्वयंपाक तयार होता, वांग्याच्या भाजीचा वास हॉलमध्ये येत होता, आणि बायका म्हणत होत्या, पाहुण्यांच्या आधी पंगत कशी बसवायची? आचल स्टेजवरच्या खुर्चीत बॅग मांडीवर घेऊन बसली होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. ती रडत नव्हती. हर्षाबाईला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

कपाट फोडायचं हे तिच्या मनात केव्हाच आलं होतं. हात अडत होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. चंद्रभानजींना ती खोली परत हवीच होती. लग्नवाल्यांना ती भांड्यांसकट भाड्यानं देता येत होती. भवनाच्या वस्तूला हात लावला की त्यांच्या हातात कोलीत मिळणार, आणि बाकीची पोरं उघड्यावर येणार. पुढच्या वर्षी परीक्षा देणारी करिश्मा होती, शुभम होता, देवमनचीच धाकटी खुशी होती. एका पोरीसाठी सगळ्यांची खोली घालवायची? तिनं मनातल्या मनात हे दहादा मांडलं आणि तिला स्वतःचाच संताप आला. खोली कशासाठी होती मग? पोरं कॉलेजात जावीत म्हणून की पोरं खोलीत बसावीत म्हणून?

दोन वाजून गेले होते. मंडपवाल्याची पहार दाराशी पडली होती. तिनं ती उचलली.

पहिल्या घावाला हॉलमधली बोलणी थांबली. दुसऱ्या घावाला समितीचे शालिकराम धावत आले, "ओ बाई, काय करून राहिल्या! समाजाची वस्तू होय थे!"

"पोट्टी बी समाजाचीच होय," हर्षाबाई म्हणाली आणि तिसरा घाव घातला. दार वाकलं. तिनं फाईल ओढून काढली, एकेक कागद तपासला आणि स्टेजवर जाऊन आचलच्या हातात दिली. बाहेर तिचा नवरा किशोर मोटरसायकल सुरू करून उभा होता, तिनं त्याला दुकानातून आधीच बोलावून घेतलं होतं.

आचल उठली तसा देवमननं तिचा दंड धरला. "बेटा, भाऊले येऊ दे. इतके लोक बसले हायत. कसं दिसते थे?"

आचलनं बापाकडे पाहिलं. मग दंड हिसडून सोडवला आणि ती पळत सुटली.

भाऊ तीनच्या पुढं आले. त्यांनी मुलींच्या शिक्षणावर भाषण केलं. चांगलं झालं म्हणतात. रिकाम्या खुर्चीचं काय करायचं ते कुणाला सुचेना, म्हणून शाल आणि नारळ देवमनला दिला आणि फोटो काढला. पाचला थोडा वेळ असताना हर्षाबाईचा फोन वाजला. "ताई, झालं," आचल म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. "रडू नको," हर्षाबाई ओरडली, "पावती जपून ठेव!" आणि भवनाच्या मागं जाऊन स्वतः रडली.

तिसऱ्या दिवशी समितीनं सभा बोलावली. कपाट फुटलं, पाहुण्यांचा अपमान झाला, भाऊ भवनाला कंपाऊंड बांधून देणार होते ते आता देणार नाहीत, असं सगळं चंद्रभानजींनी सांगितलं. बाईनं माफी मागावी, नाहीतर खोली खाली करावी. हर्षाबाई म्हणाली, "माफी कायची? पोट्टीचे कागद कुलपात घालून तुमी फाट्यावर गेले, माफी तुमी मांगा."

हॉलमध्ये कुजबुज झाली. दोघे-चौघे मान डोलावत होते. एकानं तर म्हटलंही, "देवमनले विचारा ना. पोट्टी त्याची होय." सगळे देवमनकडे वळले. त्यानं 'पोरीची जागा गेली असती' एवढं चार शब्दांत सांगितलं असतं, तरी सभा फिरली असती. हर्षाबाईला खात्री होती. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी खात्री.

देवमन उभा राहिला, हात जोडले. "ताईनं घाई केली," तो म्हणाला. "भाऊ आलेच असते. आमच्या घरापायी समाजाची मान खाली गेली. मी सगळ्याईची माफी मांगतो."

त्याच संध्याकाळी खोलीला दुसरं कुलूप लागलं.

हर्षाबाई घरी आली आणि रात्री जेवली नाही. चंद्रभानजींवरचा तिचा राग जुना होता, तो ओळखीचा होता. देवमनवरचा हा नवा होता आणि याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. त्या रात्री तिनं आचलला फोन करून सगळं सांगायचं ठरवलं, फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. पोरगी होस्टेलात नुकती रुळत होती. दुसऱ्या दिवशी तिनं घरापुढच्या टिनाच्या छपराखाली सतरंजी टाकली आणि पोरांना निरोप पाठवला.

आठवड्यानं देवमन आला. सायकलवर मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या होत्या, पहाटे काढलेल्या, मुळांना माती तशीच. त्यानं त्या ओसरीवर ठेवल्या आणि उभा राहिला.

"रागावल्या का ताई?"

हर्षाबाई फळा पुसत होती.

"माहा समदा माल चंद्रभानभाऊच्या अडतीत जाते. त्याच्या तोंडावर कसं बोलू मी?" मग म्हणाला, "आचल खुश हाय. तुमचं नाव काढते फोनवर."

"तिले सांगितलं का, सभेत काय बोलले थे?"

देवमननं मान खाली घातली. मग ज्यासाठी आला होता ते त्यानं काढलं. "खुशीचं बारावीचं वर्ष हाय. भवनातला वर्ग तर बंद झाला. तिले इथी पाठवू का?"

हर्षाबाईनं फळा खाली ठेवला. भवनातला वर्ग कुणामुळं बंद झाला, हे हा माणूस विसरला होता की त्याला खरंच कळलं नव्हतं, हे तिला त्याच्या तोंडावरून समजेना. तिनं जुड्या उचलल्या आणि परत त्याच्या सायकलच्या कॅरियरवर ठेवल्या.

"पाठवा," ती म्हणाली. "सकाळी साताले. पन भाजी आनू नका, आन एक ध्यानात ठेवा. थे मोठी होऊन तुमच्यासारखी निंगू नये, याच्यासाठी शिकवतो मी तिले."