पिठाच्या डब्यातली ठेव

मी फारशी भाविक बाई नव्हे. शनिवार पाळते, सकाळ-संध्याकाळ शेमाची प्रार्थना म्हणते, पण कुणी देवाच्या अनुभवाच्या गोष्टी सांगायला बसलं की माझ्या कपाळाला आठी पडते. तेव्हा हे जे सांगते आहे ते चमत्कार म्हणून नाही. घडलं तसं सांगते, तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. लालबागच्या आमच्या चाळीत मी एकटीच बेने इस्रायली, म्हणजे इथलीच ज्यू. नवरा वारून सहा वर्षं झालेली, मी शिवणकामावर पोट भरत होते. शेजारच्या खोलीत पार्वती, मालवणकडची. तिचा नवरा गिरणीत साचेवाला, सत्याग्रहात पकडला गेला नि आत बसला. थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं, आणि घरात दारुडा दीर. एक दिवस दुपारी पार्वती आली, लुगड्याच्या हिरव्या काठाच्या चिंधीत बांधलेले दोनशे चाळीस रुपये माझ्या हातात ठेवले नि म्हणाली, "वैनी, लग्नाचे पैशे ते हेच. तुमी शनवारी पैशाक हात लावणास नाय. म्हणान तुमच्याकडेच ठेवतंय." मला हसू आलं. बाकीचे सहा दिवस मी काय करते ते तिनं विचारलं नाही.

त्या आठवड्यात पोलीस पत्रकं शोधायला चाळीत झडत्या घेत होते. ट्रंका उलट्यापालट्या करत. म्हणून मी ते गाठोडं गव्हाच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसलं. शिपाई आले, ट्रंक उपसली, पिठाकडे बघितलंही नाही, नि मी स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

पुढे वल्हांडणाचा सण आला. त्या सणात आमच्या घरात खमिराचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा, कण चालत नाही. पाव, जुनं पीठ, सगळं घराबाहेर जातं, भांडी उकळत्या पाण्यातून निघतात. आदल्या दिवशी हरताळामुळे बाजार बंद होता आणि संध्याकाळी सण लागणार, तेव्हा सगळं एका सकाळीच उरकायचं होतं. माझ्या सासूबाईंची रीत अशी, की उरलेलं पीठ फेकायचं नाही. पहिली जी गरजू बाई दारात येईल तिला द्यायचं. एक म्हातारी आली. ओळखीची नव्हती, पाय धुळीनं भरलेले. मी अख्खा डबाच तिच्या हातात दिला आणि घर शुद्ध झालं म्हणून हात झटकले.

संध्याकाळी बिनखमिराची भाकर हातात घेतली, आशीर्वाद म्हटला, आणि पिठातलं गाठोडं आठवलं. सणाच्या पहिल्या दोन दिवसांत पैशाला शिवायचं नाही, कामाला जायचं नाही. त्या दोन दिवसांत मी काय काय विचार केले ते सांगायची लाज वाटते, तरी सांगते. पार्वतीनं पैसे दिले तेव्हा तिसरं कुणी नव्हतं, कागद नव्हता. झडतीत शिपायांनी नेले म्हटलं असतं, तर सगळ्या चाळीनं पोलिसांना शिव्या घालून माझे डोळे पुसले असते. वाक्य तयारच होतं. मी ते मनात घोळवून पाहिलं, दोनदा.

सणाच्या दुसऱ्या दिवशी चालत मशिदीत गेले. आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणतो. तिथले हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, म्हातारे नि तोंडाचे फटकळ. त्यांना सगळं सांगून म्हटलं, "पैसे मी फुकट राखत होते. मला भरावं लागतं का?" ते म्हणाले, "फुकट राखणाऱ्याकडून चोरी झाली तर त्यानं शपथ घ्यावी नि सुटावं. तुझ्याकडून चोरी कुठं झाली, बाई? तू आपल्या हातानं ठेव दिलीस. हयगयीला शास्त्रात सूट नाही." मी म्हटलं, "भरीन. पण सांगायला कशाला हवं? गुपचूप तेवढेच पैसे ठेवते." ते म्हणाले, "पैसे तिचे, तसा विश्वासही तिचाच. तिला न विचारता तो कसा खर्च करशील?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आईच्या दोन पाटल्या घेऊन ठाकूरद्वारला सोनाराकडे गेले. त्यानं माझ्यासमोर त्या कातरल्या. दोनशे चाळीस भरले, वर थोडे उरले. परतायला संध्याकाळ झाली. येताना सगळी वाट मी पार्वतीशी मनात भांडत होते, जसा काही तिचाच गुन्हा होता.

ती दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. मी नोटा तिच्या पुढ्यात धरल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबा, म्हातारी, पाटल्या. शिपायांवर ढकलणार होते तेसुद्धा. कनवटीतून तिनं हिरव्या काठाची चिंधी काढली. पिठानं पांढरी झालेली.

मग सांगितलं: दुपारी ती म्हातारी आली होती. माझ्या दाराला कुलूप बघून पार्वतीकडे विचारायला गेली, चिंधी पुढे केली नि म्हणाली, "बाईनं पीठ दिलं होतं, हे दिलं नव्हतं." पार्वतीनं आपला काठ ओळखला. नाव विचारेपर्यंत म्हातारी पाणी पिऊन निघूनही गेली.

मी तिच्याशेजारी खाली बसले. म्हणजे मी दारात आले तेव्हा हिला सगळं ठाऊक होतं. मी ते तयार वाक्य बोलले असते, तर हिनं कनवटीतल्या चिंधीवर हात ठेवून ते ऐकून घेतलं असतं. मी रागानं विचारलं, "मग आधीच का नाही सांगितलंस गं?"

पार्वतीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "वैनी, दुपारपासून मी हयच बसलंय. देवाक सांगी होतंय, पैशे गावले माका. आता माझी वैनी तेवढी गावांदे."

पार्वतीनं नोटा घेतल्या नाहीत. पाटल्यांच्या सगळ्या पैशांचं मी दानबिन केलं नाही, खोटं कशाला सांगू. दहावा भाग गरिबांच्या पेटीत टाकला, बाकीच्यातून शिवणयंत्र दुरुस्त केलं. म्हातारी पुन्हा दिसली नाही. ती कोण होती हे मी कुणाला विचारत नाही, हज्जानांनाही विचारलं नाही. देवाचे आभार मानताना मी पैशांचं नाव घेत नाही. एका गरीब बाईनं माझ्यासाठी देवाकडे मागणं केलं आणि मी खोटं बोलण्याआधी ते पोचलं, एवढंच म्हणते, आणि तेवढं म्हणतानाही अजून अंगावर काटा येतो.