माळ्यावरचे खोके

समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली वैशाली म्हणते, "आता बदली नाही हो ताई. कंपनीने लेखी दिलंय." मी मान डोलावते, पण विश्वास बसत नाही. तिचं दार उघडं असलं की माळ्यावर रचलेले रिकामे खोके दिसतात. टीव्हीचा, मिक्सरचा, ओव्हनचा, सगळे आतल्या थर्माकोलसकट. कायमचं राहणारा माणूस खोका आठवड्याच्या आत भंगारवाल्याला देतो.

हल्ली कंपन्या माणसं फार गोडीगुलाबीने हलवतात. सामान बांधणारी माणसं त्यांची, सुरुवातीचं घर त्यांचं, मुलांच्या शाळेची चौकशीसुद्धा तेच करतात. एवढी उस्तवार आमच्याकडे जावयाचीही होत नाही. म्हणूनच मला ते खटकतं. जी वस्तू पुन्हा उचलायची असते, तीच माणूस इतकी अलगद ठेवतो.

परवा आमच्याकडे नवा टीव्ही आला. त्याचा खोका मी भंगारवाल्यासाठी जिन्यात नेऊन ठेवला. संध्याकाळी हे ऑफिसातून आले ते तोच खोका उचलून.

"असू दे घरात," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "थर्माकोल कुठे टाकलंस?"