किड्याने पाडलेला तारा

"किड्याचं भोक. शंभर टक्के," मी मॉरीनला सांगितलं आणि चिमट्याने जपानी कागदाचा पुढचा कण उचलला.

मॉरीन माझी बॉस. ग्लासगोच्या एका छोट्या म्युझियममध्ये मी पेपर कॉन्झर्व्हेटर म्हणून नुकतीच लागले होते, तीही प्रोबेशनवर. पेपर कॉन्झर्व्हेटर म्हणजे जुन्या कागदांची डॉक्टर. आता मी नातवंडांची आजी आहे; तेव्हा चौतिशीची होते आणि जगातला सगळा कागद आपल्याला कळतो अशा थाटात ॲप्रन घालून वावरायचे.

टेबलावर होतं पीपशोचं चित्र. एकोणिसाव्या शतकात इथल्या जत्रांमधून खेळवाले मोठी पेटी घेऊन फिरत. पेनी द्यायची आणि भिंगातून आत डोकवायचं. आत रंगवलेलं शहर, नदी, पूल. खेळवाला बाजूला उभा राहून गोष्ट रंगवणार. आपल्याकडे जत्रेत बायोस्कोपवाला यायचा, त्यातलाच प्रकार. ही पेटी आणि दोन चित्रं म्युझियमला दिली होती इसोबेलबाईंनी. त्यांचे आजोबा हा खेळ करायचे. बाई पंच्याऐंशीच्या, नजर झपाट्याने जात चाललेली. त्यांचं मागणं एकच होतं: दिसतंय तोवर आजोबांचा खेळ एकदा बघायचाय. शुक्रवारी त्या येणार होत्या.

पहिल्या चित्रभर बारीक भोकं होती. मला हसूच आलं. नागपूरच्या घरी कसरीने खाल्लेल्या पोथ्या बघत वाढलेली मी. या थंडीतल्या लोकांना किडा काय कळणार? खरं तर आमच्या धंद्यात कागदाला हात लावण्याआधी तो तीनदा बघायचा असतो: सरळ उजेडात, तिरक्या उजेडात आणि मागून उजेड टाकून. तिसरी पायरी मी गाळली. निदान झालं होतं ना! चार दिवस मान मोडून जपानी कागदाच्या कणांनी एकेक भोक बुजवलं. ते कण चिकटवायला वापरतात गव्हाच्या सत्त्वाची खळ. कुरडयांसाठी आपण चीक काढतो ना, तोच; इथे त्याला भारदस्त नाव आहे, एवढंच. चित्राच्या पाठीला गडद निळा रंग फासलेला होता. तो मला डाग वाटला. काढायचं काम पुढच्या आठवड्यावर ढकललं होतं, देवाची कृपा.

बुधवारी सकाळी मॉरीन आली. तिने दुसरं, मी हात न लावलेलं चित्र उचललं आणि खिडकीसमोर धरलं.

दिवसाचं शहर गेलं. रात्र झाली. घराघरात दिवे, पुलावर दिव्यांची रांग, नदीत त्यांचे ठिपके.

पेटीचं वरचं झाकण मिटून मागचं उघडलं की उजेड चित्राच्या पाठीमागून येतो. निळ्या रंगाची रात्र होते, सुईने टोचलेल्या भोकांचे दिवे होतात. लोक पेनी मोजायचे ते याच्यासाठी.

मग तिने माझं चित्र धरलं. मिट्ट काळोख.

"शुभा, तू अख्ख्या शहराचे लाइट घालवलेस."

"मॅडम, मी..."

"मॅडम नको म्हणू. निघेल का हे?"

"निघेल," मी म्हणाले. निघेल की नाही, मला अजिबात माहीत नव्हतं.

आमचा नियम असा, की जे कराल ते पुन्हा काढता आलं पाहिजे. खळ ओलाव्याने सुटते. पण त्याच ओलाव्याने चित्राचा रंगही फुटतो. म्हणजे जेमतेम दमट ब्रशने, पाठीमागून, एका वेळी एकच भोक. हातात दोन दिवस.

घरी फोन केला. नवरा माणसांचा डॉक्टर.

"अहो, मला उशीर होईल."

"का गं, पेशंट सीरियस?"

"पेशंटला मीच मारलंय."

"मग घाई कसली?" म्हणाले, आणि वर हसले.

भिंगाखाली बघितलं तर फरक ढळढळीत होता. सुईच्या भोकाला मागच्या बाजूने बारीक कड उठलेली असते. किडा टोचत नाही, खातो. त्याच्या भोकाला कड नसते. कडवाली सगळी भोकं मी उघडली. बिनकडेचं एकच निघालं, पुलाच्या वर, आकाशात.

"बघ, एक तरी किड्याचं होतंच," मी म्हणाले. मॉरीन हसली नाही. ते बुजवलेलंच ठेवलं.

शुक्रवारी इसोबेलबाई काठी टेकत आल्या. मी उघडलेलं चित्र पेटीत लावलेलं होतं. बाई पेटीसमोर बसल्या, भिंगाला डोळा लावला. मॉरीनने वरचं झाकण मिटून मागचं उघडलं. बाई आजोबांच्या सुरात पुटपुटायला लागल्या, "या, या मंडळी, बघा रात्र कशी होते..." आणि मध्येच थांबल्या.

"तारा कुठाय?"

"कुठला तारा?" मी विचारलं.

"पुलावरचा. आजोबा सांगायचे, सगळं शहर चित्रकाराने केलं, पण हा तारा केला एका किड्याने, आणि तोही पेनी न देता आत शिरून. लोक सगळ्यात जास्त तिथेच हसायचे."

मी मॉरीनकडे बघितलं. तिने क्षणभर विचार केला.

"इसोबेल, आम्हाला थोडा वेळ द्या." मग माझ्याकडे वळून, "उघड."

मी चित्र पेटीतून काढलं आणि दमट ब्रशने पाठीमागून ते एक भोक उघडलं. कागद वाळल्यावर चित्र परत पेटीत लावलं. मग बाईंनी पुन्हा डोळा लावला.

"हं," त्या म्हणाल्या. "आला."

त्यानंतर कितीतरी वेळ त्या भिंगापासून हलल्या नाहीत. आम्हीही हललो नाही.

माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं, आणि ते योग्यच होतं. रिपोर्टमध्ये प्रत्येक भोकाचं कारण आणि उपाय लिहायचा असतो. त्या भोकापुढे मी लिहिलं: कारण: किडा. उपाय: काही नाही, तसंच ठेवावं. मॉरीनने खाली सही केली.

निदान बरोबर असूनही उपचार चुकू शकतो, हे घरातला डॉक्टर मला लग्नापासून सांगत होता. पटायला किडा लागला.