फिलू टीचरचं तोंड

मालवणच्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी पोपटी रंगाची नवी कोरी साडी नेसून गेले होते. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी हसून ‘या, बसा’ केलं. कोपऱ्यात वह्या तपासत बसलेल्या एका ठेंगण्या बाईंनी मात्र चष्म्यावरून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “साडी बरी आसा गो. तुका शोभणा नाय.” आणि पुन्हा वह्यांत डोकं घातलं. संध्याकाळी घरी जाऊन मी आरशासमोर उभी राहिले. बाईचं खरं होतं. त्याचाच जास्त राग आला.

या फिलोमिना टीचर. साऱ्या गावाच्या फिलू टीचर. पुढे आम्ही घर घेतलं तेही नेमकं त्यांच्या कुंपणाला कुंपण लावून, यावरून माझ्या नशिबाची कल्पना यावी. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : “खरा आसा ता तोंडार सांगूचा. पाठसून बोलूक मी काय चोर?” हे वाक्य कधी आधी यायचं, कधी नंतर, आणि मधे समोरच्या माणसाची सालं निघायची. मुख्याध्यापकांशी बोलताना त्या शुद्ध मराठीवर यायच्या, पण धार तीच. “सर, भाषण छान झालं. लवकर संपलं असतं तर आणखी छान झालं असतं.” एका पालकाला त्यांनी त्याच्या मुलाविषयी सांगितलं होतं, “तुमचो झील मठ्ठ आसा, पण तुमच्यापरीस कमी.” तो माणूस हसावं की भांडावं या विचारात फाटकापर्यंत गेला.

एक प्रसंग मात्र माझ्या अंगावर आला. आमच्या गल्लीतल्या शेवंताबाईंचा नवरा वारला. शेवंताबाई छाती बडवून रडत होत्या, बायका त्यांना धरून बसल्या होत्या. फिलू टीचर आल्या, मृताला हात जोडले आणि शांतपणे म्हणाल्या, “जितो असताना एक दिस गोड बोललंस नाय त्येच्याशी. आता कोणाक आयकवतंस?” शेवंताबाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. मला ओटीवरून पळून जावंसं वाटलं. परतताना मी टीचरना म्हटलं, हे आजच बोलायला हवं होतं का? त्या म्हणाल्या, “मगे केव्हा? तो परत मरतलो काय?”

अशा बाईच्या घरात राहणं म्हणजे काय असेल! नवरा जुजेबाब बर्फाच्या कारखान्यात कारकून होता. बोलणं कमी, खिशात नेहमी पित्ताच्या गोळ्यांची पट्टी. टीचर त्या गोळ्यांना ‘पेपरमिंट’ म्हणून चिडवायच्या. मुलगा रॉनी कुडाळला नोकरीला. सून लविना म्हापशाची, हळू बोलणारी, हळू चालणारी. तिने केलेल्या पहिल्या माशाच्या आमटीचा घोट घेऊन टीचर म्हणाल्या, “ही आमटी न्हय. हात धुतल्ला पाणी आसा.” त्यानंतर चुलीपाशी लविनाला फक्त खोबरं किसायचं काम उरलं.

टीचरच्या घरचा जीव म्हणजे त्यांचा मसाला. दर उन्हाळ्यात अंगणात चटईवर मिरच्या वाळायच्या, त्यांत तिखट संकेश्वरी मोकळ्या हाताने. भाजायला लागल्या की आमच्या घरी सगळे खोकायला लागायचे. प्रमाण त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. वर्षाला दोन मोठ्या बरण्या भरायच्या.

निवृत्तीनंतर एकदा चर्चमध्ये विचारणा आली. मोझांबिकमध्ये सिस्टर्सच्या एका अनाथाश्रमाला वर्षभर विनामोबदला काम करायला निवृत्त शिक्षक हवे होते. टीचरनी हात वर केला. गावभर कौतुक झालं, फादरांनी वेदीसमोर उभं करून आशीर्वाद दिला. मला मात्र त्यांनी कुंपणापाशी बोलावून खरं सांगितलं. “सेवा कसली गो सुलभा! घरच्यांका एक वरीस माझ्याशिवाय रवांदे. परीक्षा घेतंय मी ह्यांची.” त्या वर्षी त्यांनी मसाल्याची एकच बरणी भरली होती. मी विचारलं, एकच? तर डोळे मिचकावून म्हणाल्या, “नाताळापर्यंत पुरतलो. मगे बघ, फोन येतलो. रडत येतलो.”

एवढा एक फोन त्यांना हवा होता. त्यासाठी बाई समुद्रापलीकडे गेली.

तिथून त्या मला अधूनमधून व्हिडिओ कॉल करायच्या. मागे लाल मातीचं अंगण, गळ्यात पडणारी, केसांशी खेळणारी पोरं. वाळल्या होत्या, पण चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. दोन मिनिटं पोरांचं सांगून झालं की आवाज खाली यायचा. “मसालो संपलो काय गो त्यांचो?” शेजारच्या फडताळातली बरणी मला कशी दिसणार? मी म्हणायची, संपला असेल. त्या खूश व्हायच्या.

नाताळ गेला. वर्ष संपलं. रॉनी त्यांना कुडाळ स्टेशनवरून घेऊन आला तेव्हा मी स्वागताला त्यांच्याच घरी होते. टीचरनी चपला काढल्या, पाणीसुद्धा न पिता सरळ आत जाऊन फडताळ उघडलं आणि बरणी खाली घेतली. झाकण काढलं. मसाला बोटभरसुद्धा उतरला नव्हता. वर कीड लागून पांढरी जाळी धरली होती.

लविना भिंतीला टेकली. रॉनी मोबाइल बघायला लागला. बोलले ते जुजेबाब, ज्यांचा आवाज त्या घरात मी क्वचितच ऐकला होता.

“फिलू, एक सांगू? तुझो मसालो खाल्लंय की माझी छाती जळता. लग्न झाल्यापासून. तू गेलंस आणि लविनान फिकी आमटी केल्यान. आता माका गोळी लागणा नाय.”

“मगे माका सांगलास नाय कित्याक?”

“सांगूक भियालंय,” जुजेबाब म्हणाले. मग अगदी साधेपणाने, टोमणा मारायची अक्कल त्या माणसाला कधीच नव्हती, पुढे म्हणाले, “पण तूच म्हणतंस मगे, खरा आसा ता तोंडार सांगूचा.”

टीचरनी झाकण लावलं. बरणी उचलून परसात गेल्या आणि माडाच्या आळ्यात पालथी केली. वास घ्यायला आलेला कुत्रा शिंकत शिंकत पळाला. एरवी आम्ही सगळे हसलो असतो. त्यांनी बरणी घासली, उलटी करून धुण्याच्या दगडावर ठेवली आणि आत येऊन चहा मागितला. लविनाने दिलेला चहा पिऊन म्हणाल्या, “बरो झालो हा.” तो चहा पाणचट होता. मीही तोच पीत होते.

काही दिवसांनी त्या माझ्या पडवीत येऊन बसल्या. मोझांबिकचं मी काही विचारलं नव्हतं, त्याच बोलल्या. “नाताळाच्या सकाळी घरचो फोन इल्लो. मी वाट बघी होतंय, आता विचारतले, आता विचारतले. रॉनीन विचारल्यान, थंय हवा कशी आसा?” मग म्हणाल्या, “थंय सगळे पोर्तुगीज बोलत, ती भाषा माका येय नसली गो. माझ्या आयेन शिकवलेले शब्द चार, त्येंतले दोन प्रार्थनेचे. पोरा चुकली तरी बोलतलंय काय? म्हणान सगळी गळ्यात पडत. माका वाटला, मी बदललंय. मी खंय बदललंय? फक्त तोंड बंद होता.”

 त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि खोटा धीर देण्याची सोय त्यांच्यापुढे कधी नव्हतीच.

त्यानंतर फिलू टीचर गोड झाल्या. लविनाची आमटी बरी, रॉनीचा शर्ट बरा, शेजाऱ्यांचं उनाड पोर गुणी. अंगणात मिरच्या वाळल्या नाहीत, आणि आमच्या घरी कोणी खोकलं नाही. गावाला केवढा आनंद! “परदेशात जाऊन सेवा केली, माणूसच बदललं,” असं जो तो म्हणू लागला. मला ते बघवेना. एका रविवारी मी दुकानात जाऊन मुद्दाम पोपटी साडी घेतली, आधीच्यापेक्षा भडक, नेसले आणि कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. टीचर, कशी दिसते मी?

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ओठ हलले. क्षणभर मला वाटलं, आली, माझी टीचर आली.

“छान दिसतंस गो,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी घरात येऊन त्याच साडीत रडले. माझ्या लेखी टीचर त्याच दिवशी गेल्या. पुढे पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन देह गेला, ती फार तर औपचारिकता म्हणायची.

चर्च भरलं होतं. नवे फादर त्यांच्याविषयी ‘मृदुभाषी’ असा शब्द वापरून बोलले. माझ्या पुढच्या बाकावर शेवंताबाई डोळ्यांना पदर लावून शेजारणीला सांगत होत्या, “किती गोड बाय गो ती!” जुजेबाब हुंदके देत होते आणि लविना त्यांची पाठ चोळत होती. सगळे एकमेकांशी खोटं बोलत होते आणि सगळ्यांना बरं वाटत होतं. मी मान वळवून वळवून पाहिलं. उठून तोंडावर खरं सांगेल असं माणूस त्या चर्चमध्ये एकच होतं, आणि ते पेटीत निजलं होतं.